चारातलं एक पिल्लू

माझी नोकरी काय होती, हे आमच्या गावात आजवर कुणाला नीट पटलेलं नाही. बत्तीस वर्षं मी उंदीर पाळले. पांढरा कोट घालून, तोंडाला फडकं बांधून, थंड हवेच्या खोलीत, एका संशोधन संस्थेत. शहाद्याच्या बाजारपेठेत एक मारवाडी शेठजी आहेत, आमच्या घरचा किराणा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडचा. त्यांना हे कळलं तेव्हा ते गादीवरून उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाटील, मग गोदामातल्या उंदरांसाठी कुठलं औषध चांगलं?" मी म्हटलं, "शेठजी, आमच्याकडे उंदीर मेला तर कागद भरावा लागतो. मारायचं औषध आम्ही ठेवत नाही." त्यांना ते खरं वाटलं नाही. मी उगाच भाव खातोय अशी त्यांची समजूत झाली.

एकदा सुरतेच्या गाडीत नवापूरचा एक पोल्ट्रीवाला शेजारी बसला होता. त्याला मात्र अर्ध्या तासात माझा सगळा धंदा कळला. उजेड किती तास देता, आत शिरताना चपला बदलता का, खाद्य कुठून येतं, आजारी जनावर कसं ओळखता, असे एकाहून एक मुद्द्याचे प्रश्न त्याने विचारले. शेवटी म्हणाला, "आणि माल बाहेर कधी जातो?" मी म्हटलं, "जात नाही. आमचा माल म्हणजे वही." पुढच्या स्टेशनात त्याने मला चहा पाजला, बहुतेक दया येऊन.

निवृत्त होऊन मी गावी आलो त्याला आता काही वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात तळोद्याकडच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. बोलावणारी प्राध्यापिका रंजना वसावे. तिचं गाव मोलगीच्या वर, डोंगरात. ती आमच्या संस्थेत पीएच.डी. करत होती तेव्हा तिचे उंदीर माझ्याकडे असायचे. मी तासभर बोललो, पोटात गर्भ कसा वाढतो ते फळ्यावर काढून दाखवलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा रंजना म्हणाली, "काका, मुख्य गोष्ट गाळलीत."

"वेळ संपली ना," मी म्हटलं.

"वेळ होती. तुम्ही गाळलीत."

खरं होतं ते. तेव्हा ती गोष्ट इथे लिहितो. दिवाळी अंकात वेळ संपल्याचं निमित्त चालत नाही.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. उंदराची मादी विसाव्या दिवसाच्या आसपास विते. नर आणि मादी संध्याकाळी एका पिंजऱ्यात सोडायचे आणि सकाळी मादी तपासायची. संग झाला असेल तर तशी खूण सापडते. तो नक्की कधी झाला हे कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून त्या दिवशी दुपारी गर्भाचं वय अर्धा दिवस धरायचं. त्यामुळे आमच्याकडे गर्भाचं वय कायम 'साडे'. साडेआठ दिवस, साडेनऊ दिवस. इतकी वर्षं हे बोलून जिभेला अशी सवय लागली आहे की नातू किती महिन्यांचा झाला असं कुणी विचारलं तरी माझ्या तोंडून साडेसहा, साडेसात असंच निघतं. सून हसते.

साडेनऊ दिवसांचा गर्भ बाजरीच्या दाण्याएवढा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्याचं हृदय चालताना दिसतं. हे मी किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही, पण कंटाळा कधी आला नाही.

रंजनाचा विषय होता दोन जनुकांचा. गर्भ वाढत असताना त्याच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. तू इकडे वळ, तू हृदय हो, तू इथेच थांब. हा निरोप म्हणजे एक प्रथिन. ते तयार होतं तेव्हा त्याला एक जादा तुकडा चिकटलेला असतो आणि तो कापून काढल्याशिवाय निरोप लागू पडत नाही. कापायचं काम एन्झाइम करतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. आमच्या उंदरांत असं कापणारी दोन एन्झाइम होती, दोन वेगळ्या जनुकांवरून बनणारी, पण एकाच कुळातली. त्यांची पुस्तकी नावं अक्षरं आणि आकडे मिळून अशी काही होती की दिवसातून चाळीसदा घ्यायची म्हणजे जीभ अडखळायची. रंजनाने त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली आणि आम्हा सगळ्यांची सोय झाली.

एखादं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करता येतात. थोरली काढली, पिल्लं ठणठणीत. धाकटी काढली, तरी ठणठणीत. दोघी काढल्या तर एकही पिल्लू जन्माला येत नाही. साडेनवव्या दिवशी उघडून पाहिलं तर हृदयाची नळी वळलेलीच नसते, सरळच्या सरळ राहिलेली असते, आणि दोन दिवसांत गर्भ जिरून जातो. एका घरात दोन जावा असतात तसं हे आहे. एक माहेरी गेली तर दुसरी चूल सांभाळते आणि घरातल्या पुरुषांना फरकही कळत नाही. दोघी एकदम गेल्या की कळतो.

पण दोघी सारख्या आहेत का, हा रंजनाचा प्रश्न. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. म्हणजे दोघींच्या मिळून चार. त्यातल्या तीन काढल्या आणि एकच ठेवली तर काय होतं? धाकटीची एक प्रत उरली तर पिल्लू जगायचं, वाढायचं, त्याला पुढे पिल्लंही व्हायची. थोरलीची एकच प्रत उरलेलं पिल्लू मात्र कधी दिसलंच नव्हतं. आईबापांच्या जोड्या अशा लावल्या होत्या की चारातलं एक पिल्लू तसं निघायला पाहिजे. दोन वर्षं निघालं नाही. त्यावरून रंजनाने लिहिलं की थोरलीची एक प्रत पुरत नाही, अशी पिल्लं पोटातच मरतात. दोघी एकमेकींचं काम करतात खऱ्या, पण दोघींची ताकद सारखी नाही. तिच्या प्रबंधाचा सगळा भार या एका वाक्यावर होता.

मोजणी व्हायची जन्मानंतर एकविसाव्या दिवशी. त्या दिवशी पिल्लं आईपासून वेगळी काढायची, कानाला नंबराप्रमाणे छिद्रं पाडायची आणि शेपटीचा शेंडा कापून नळीत टाकायचा. त्या शेंड्यावरून कुणात कुठल्या प्रती आहेत ते रंजना तपासायची. त्याआधी पिल्लांना हात लावायचा नाही, हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा नियम. नियमाला कारण होतं. नवी व्यालेली मादी बिथरली तर पिल्लं खाऊन टाकते, आणि मेलेलं पिल्लू तर ती खातेच. सकाळी आठ मोजली असतील तर संध्याकाळी सात, आणि आठवं कुठे गेलं हे विचारायला काही उरलेलं नसतं.

तो शिमग्याच्या आधीचा महिना होता. रंजना हातात कागद घेऊन आली ती अॅनिमल हाउसच्या, म्हणजे आमच्या उंदरांच्या खोलीच्या, दारातच उभी राहिली. एका पिंजऱ्यातली पिल्लं एकवीस दिवसांची झाली होती आणि त्यातल्या एका मादीचा निकाल भलताच आला होता. त्या पिंजऱ्यात आई आणि बाप दोघांकडे थोरलीची एकही प्रत नव्हती. या पिल्लाकडे ती एक होती. धाकटीची एकही नव्हती. म्हणजे आईबापाकडे नसलेली वस्तू पिल्लाकडे आली होती; आणि वर ज्या तऱ्हेचं पिल्लू पोटातच मरतं असं ती लिहीत होती, तेच समोर बसून खाद्याची गोळी कुरतडत होतं.

तिने शेपटीचा आणखी एक शेंडा कापून पुन्हा तपासलं. तेच. कानाचा तुकडा घेतला. तेच.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. "पिल्लं कुणी इकडची तिकडे केली आहेत का?" त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारलं. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी म्हणालो, "नाही, मॅडम."

पिल्लू मीच हलवलं होतं.

खोटं का बोललो ते सरळ सांगतो. नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि माझ्या रॅकमध्ये चूक होत नाही असं सगळे म्हणत. नव्या मुलांना मॅडम माझ्याकडे पाठवायच्या, 'भास्करकडून शिका' म्हणून. ते ऐकायला मला आवडायचं. तेवढ्यासाठी खोटं बोललो.

आणि पिल्लू का हलवलं? उंदराचं नवं पिल्लू उघडं, लालसर असतं. कातडी इतकी पातळ की दूध प्यायलं असेल तर पोटात पांढरा डाग बाहेरून दिसतो. रोज सकाळी मी झाकणातून नजर टाकायचो. काही पिंजऱ्यांत एखादं पिल्लू घरट्याबाहेर पडलेलं असायचं, पोटात पांढरा डाग नाही, बोट लावलं तर थंड. आणि वरच्याच फळीवर साध्या, म्हणजे जनुक न काढलेल्या, उंदराची एखादी मादी तीनच पिल्लं घेऊन बसलेली, दूध वाया जाणारी. माझ्याच्याने बघवत नसे. पिल्लू उचलायचं, त्या दुसऱ्या आईच्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळायचं, म्हणजे त्याला तिच्या पिल्लांचा वास लागतो, आणि तिच्या घरट्यात मधोमध ठेवायचं. सगळी नाही, पण बरीच जगायची. पुढे ती साध्या उंदरांत मिसळून मोठी व्हायची. सगळे एकाच काळ्या जातीचे, कुणाला काय कळणार? निकालात सापडलेलं पिल्लू मला दिसलं त्या दिवशी मात्र साधी मादी एकही व्यालेली नव्हती, म्हणून मी ते पिल्लू रंजनाच्याच दुसऱ्या एका पिंजऱ्यात टाकलं होतं. कार्डावर यातलं काहीच लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर नियम मोडल्याचं मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं.

मॅडमनी निष्कर्ष काढला तो रंजनाच्या नावावर. कानाची छिद्रं वाचताना किंवा कार्डं लावताना तिचीच गफलत झाली असणार. "एक कार्ड चुकलं असेल तर बाकीच्या कार्डांवर मी विश्वास कशाच्या जोरावर ठेवू?" त्या म्हणाल्या. दोन वर्षांची सगळी मोजणी संशयात गेली. रंजनाची शिष्यवृत्ती पोळ्याच्या सुमारास संपणार होती आणि त्यानंतर संस्थेत राहायची सोय नव्हती. तीन आठवडे ती जुने नमुने काढून पुन्हा पुन्हा तपासत बसली. रोज सकाळी मला 'काका, चहा झाला का' म्हणून विचारायची. मी 'हो' म्हणायचो आणि दुसऱ्या खोलीत जायचो.

होळीला मी रजा घेऊन गावी आलो. संस्थेच्या क्वार्टरमध्ये मी एकटाच राहायचो. माझी बायको शोभा इथेच, शेत आणि शेळ्या सांभाळून. होळीच्या दोन दिवस आधी भर दुपारी रंजना दारात उभी. तिच्या घरची सगळी काठी गावच्या मोठ्या होळीला निघणार होती, ती त्यांना गाठायला चालली होती. शहाद्याला उतरून विचारत विचारत आमच्या गावापर्यंत आली होती.

"कोन शे ही पोर?" शोभाने मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तिला पाणी दिलं. "बस बाई, उन्हातान्हात उनी तू."

रंजना खाटेवर बसली. म्हणाली, "काका, तुम्हाला एकदा शांतपणे विचारायचं होतं. त्या आठवड्यात भुसा बदलताना, झाकण लावताना, काही वेगळं झाल्याचं आठवतं का? माझी चूक सापडली तरी चालेल. सापडत नाही म्हणून झोप लागत नाही."

मी आठवल्यासारखं केलं. तेवढ्यात शोभा गोठ्यातून शेळीचं पिल्लू घेऊन आली आणि आमच्यासमोरच बसली. आमची एक शेळी परवाच मेली होती, हे तिचं मागे राहिलेलं. शोभाने वाटीतलं दूध बोटाने त्याच्या पाठीला, शेपटीला लावायला सुरुवात केली.

"काकू, हे काय लावताय?" रंजनाने विचारलं.

"इन्ही माय मरी गयी ना बाई. दुसरी बकरीनं दूध लावी ऱ्हायनू. तिले आपला वास उना म्हंजे ती इले पिऊ देस."

"आमच्याकडे पण करतात," रंजना म्हणाली. "आम्ही मीठ लावतो."

शोभा खुलली. "आनी ह्या तठे उंदरेसले बी अशेच करतस! माले फोनवर सांगतस, आज एक वाचाडं, आज दोन वाचाडं."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला. रंजनाने माझ्याकडे लगेच पाहिलं नाही. तिने शेळीच्या पिल्लाच्या कानाला हात लावला. मग म्हणाली, "किती, काका?"

"काय जयं?" शोभाने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "मी काही वाईट बोलनू का?"

"नाही काकू. तुम्ही फार चांगलं केलंत," रंजना म्हणाली. मग माझ्याकडे वळून: "मी घरी फोन करून सांगितलं होतं, काका. म्हटलं, बहुतेक माझं होणार नाही, मी परत येईन. आई म्हणाली, ये. एवढंच म्हणाली."

इतक्या वर्षांत मला कुणी हातही लावला नव्हता, पण त्या वेळी कुणीतरी चार लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तिला सगळं सांगितलं. कुठली, किती, कुठे टाकली. म्हटलं, "तू मॅडमना फोन कर. मी कबूल होतो."

"मी नाही करणार. मी सांगितलं तर ती तुमच्याविरुद्ध तक्रार होईल. तुम्हीच सांगा." तिने बशीतला चहा संपवला, शोभाच्या पाया पडली आणि तळोद्याची गाडी पकडायला निघून गेली. माझ्या पाया पडली नाही.

संध्याकाळी शोभाने विचारलं, "जीव वाचाडा, त्यामां काय चुकनं?" तिला मी तेव्हा काहीबाही सांगितलं.

मी होळी पेटायच्या आधीच गाव सोडलं. मॅडमसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "रंजनाची चूक नाही. पिल्लू मी हलवलं होतं. याआधीही हलवली आहेत." त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. कुठल्या पिंजऱ्यातली, असं विचारलं. मी सांगितलं, बहुतेक सगळी एकाच तऱ्हेच्या जोड्यांची, जिथे चारातलं एक पिल्लू मिळत नव्हतं. घरट्याबाहेर पडलेली, थंड, दूध न प्यायलेली.

मॅडम खुर्चीतून उठल्या. माझ्याआधी त्यांना कळलं होतं. "म्हणजे ती पोटात मरत नव्हती," त्या म्हणाल्या. "जन्माला येत होती. अशक्त होती, भावंडांच्या गर्दीत दूध मिळत नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी जात होती. आणि दुसऱ्या आईखाली जगत होती? किती जगली?"

"सांगता येणार नाही, मॅडम. पंधरा असतील, वीस असतील."

"आता कुठे आहेत?"

"साध्यांत गेली. विद्यार्थ्यांच्या चिरफाडीच्या सरावाला वापरून झाली."

त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "भास्कर, तुम्ही लिहिलं असतं तर हा शोध होता. लिहिलं नाही, म्हणून ही नुसती घाण आहे." त्या कधी ओरडत नसत. तेव्हाही ओरडल्या नाहीत.

मला लेखी ताकीद मिळाली आणि महिनाभर पिंजरे धुण्याच्या खोलीत पाठवलं. तिथे दिवसभर गरम पाण्याची वाफ आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा ओला भुसा. खाली हाच भुसा अंथरतात. ज्या मुलांना मी शिकवलं होतं ती मला मळके पिंजरे आणून द्यायची आणि नजर चुकवायची. पण रंजनाची बाकीची मोजणी वाचली. दुसऱ्या तऱ्हेच्या, म्हणजे धाकटीच्या मोजणीच्या, पिंजऱ्यांत मी एकच पिल्लू टाकलं होतं, ते सापडलेलंच होतं, तेव्हा ती सगळी वही शाबूत राहिली. थोरलीची एक प्रत हा भाग मात्र पुन्हा करायचा होता, आणि तो पोळ्याच्या आत.

रंजनाने मॅडमना सांगितलं की मला भास्करकाका परत हवेत. थंड पडलेलं पिल्लू बोटाला ओळखू यायला वर्षं जातात, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. प्रयोग असा ठरला: जन्माच्या दिवशी असं पिल्लू दिसलं की चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत 'दुसरी आई' निघालं तर ते मी हलवायचं, माझ्याच पद्धतीने, भुशात घोळून. 'राहू दे' निघालं तर हात लावायचा नाही. शेजारी बसून राहायचं आणि ते गेलं की आईने खायच्या आत उचलायचं, म्हणजे शेपटी तपासता येईल. दोन्हीची नोंद करायची, वेळेसकट. परवानगी देणाऱ्या समितीकडे रीतसर अर्ज गेला, मंजुरी आली.

तीन महिने हे चाललं. निकाल पिल्लांनीच दिला. चारातलं एक मिळत नव्हतं ते मिळू लागलं, कधी जिवंत, कधी मेलेलं. थोरलीच्या एका प्रतीवर देह पुरा बनत होता, हृदय वळत होतं, सगळे अवयव जागच्या जागी होते. ताकद तेवढी कमी पडत होती. 'पोटातच मरतात' हे वाक्य रंजनाने खोडलं आणि त्याच्या जागी याहून मोठं आणि खरं वाक्य लिहिलं. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि त्या सरावाला गेलेल्या पंधरा-वीस पिल्लांची आठवण आली की लाजही वाटते. त्यांना मी वाचवलं असं मला वाटत होतं. त्यांचं जगणं कुणाच्या उपयोगी पडू दिलं नाही ते मीच.

शेवटची मादी आषाढात व्याली. नऊ पिल्लं, एक बाहेर पडलेलं. दुपारचे बारा वाजले होते. रंजनाने चिठ्ठी काढली, उघडली आणि माझ्यासमोर धरली. 'राहू दे.'

आम्ही दोघं स्टुलांवर बसलो. वरच्या फळीवर साधी मादी होती, आदल्या दिवशी व्यालेली, तीन पिल्लांची. हात लांबवला तर पोचेल एवढं अंतर. पिल्लू अधूनमधून एक पाय ओढायचं. तासाभराने रंजना उठली. "काका, मी पाणी पिऊन येते," म्हणाली आणि गेली. पाण्याची बाटली तिच्या स्टुलाशीच ठेवलेली होती.

खोलीत मी एकटा. तिला बघवेना म्हणून ती गेली, की मला मोकळं सोडून गेली, हे मी तिला कधी विचारलं नाही. पिल्लू उचलून वर ठेवायला मला चार सेकंद लागले असते. वर ते बहुधा जगलं असतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि बसून राहिलो. रडू आलं ते फडक्याच्या आत आलं. एक वाजून पन्नास मिनिटांनी पाय हलायचा थांबला. आणखी दहा मिनिटं वाट पाहिली, बोट लावून पाहिलं, मग उचललं आणि कार्डावर वेळ लिहिली.

रंजना आली. तिने आधी वरच्या पिंजऱ्यातली पिल्लं मोजली, तीनच होती. मग शेपटीचा शेंडा कापून नळीत टाकला आणि कार्ड वाचलं.

"काका, शेवटचा रकाना राहिला."

शेवटचा रकाना नोंद करणाऱ्याच्या नावाचा. तिथे नेहमी विद्यार्थी सही करायचे. इतक्या वर्षांत मला तो भरायला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तिने पेन पुढे केलं. मी हात कोटाला पुसले आणि नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पुरं.